चेतापेशींची उत्तेजनक्षमता आणि स्मृतीची घडण

अनुभव सरून गेल्यावरही त्याचा जो ठसा मेंदूत टिकून राहतो, त्याला स्मृती म्हणतात. हा ठसा पेशींच्या पातळीवर मुख्यतः दोन जागी उमटतो. पहिली जागा दोन चेतापेशींमधल्या जोडाची, म्हणजे चेतासंधीची किंवा सिनॅप्सची. शिकताना काही चेतासंधी बळकट होतात, काही दुबळे पडतात. दुसरी जागा खुद्द चेतापेशीची. तिच्याकडे येणारे संदेश आधीइतकेच राहिले, तरी ती पूर्वीपेक्षा लवकर किंवा उशिरा प्रतिसाद देऊ लागते. विद्युत-स्पंद उमटवण्यासाठी एखाद्या पेशीला किती चेतवावे लागते, यावरून तिची उत्तेजनक्षमता ठरते. थोडक्या चेतवण्याने स्पंद देणारी पेशी अधिक उत्तेजनक्षम, आणि पुष्कळ चेतवूनही शांत राहणारी कमी उत्तेजनक्षम.

विसाव्या शतकात स्मृतीच्या संशोधनाचा भर चेतासंधींवर राहिला. उत्तेजनक्षमतेतल्या बदलांचे पुरावेही त्याच शतकाच्या उत्तरार्धात मिळू लागले होते, पण त्यांचे महत्त्व पुरते ध्यानात आले ते 2000 नंतरच्या प्रयोगांमुळे. कोणती आठवण कोणत्या पेशींकडे जाईल, कोणत्या दोन आठवणी एकमेकींत गुंततील आणि साठलेली आठवण आठवू म्हटल्यावर हाती लागेल की नाही, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पेशींच्या त्या वेळच्या तयारीवर अवलंबून असतात, असे या प्रयोगांनी दाखवले.

पेशीतली वीज

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये विद्युत विभवाचा फरक असतो. पेशी विश्रांत असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त आणि बाहेर सोडियमचे आयन जास्त, अशी विभागणी सतत राखली जात असल्याने हा फरक टिकतो. त्यासाठी पटलातली एक प्रथिन-यंत्रणा ऊर्जा खर्च करून दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते.

इतर पेशींकडून आलेले संदेश पेशीच्या वृक्षिकांवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांवर, पोचतात आणि हे विभवांतर थोडेथोडे कमी-जास्त करतात. त्यांची गोळाबेरीज होऊन विभव साधारण उणे 55 मिलिव्होल्टपर्यंत चढला, की पेशी उंबरठा ओलांडते. मग सोडियमच्या आयनवाहिन्या धडाधड उघडतात, विभव क्षणभर धन होतो आणि एक-दोन मिलिसेकंदांचा स्पंद अक्षतंतू या पेशीच्या लांब तंतूवरून पुढे निघतो. पाठोपाठ पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून पेशीला पुन्हा शांत करतात. केंब्रिजचे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून ही यंत्रणा 1952 मध्ये गणिती समीकरणांत मांडली. त्यासाठी त्यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंबरठा किती दूर आहे आणि एका स्पंदानंतर दुसरा किती लवकर उमटू शकतो, हे पटलावर कोणत्या वाहिन्या किती आहेत यावर ठरते. स्मृतीच्या दृष्टीने यांतल्या पोटॅशियम वाहिन्या सर्वांत महत्त्वाच्या. त्या उघडल्या की धन आयन बाहेर पडतात आणि पेशी उंबरठ्यापासून दूर ओढली जाते. त्या कमी झाल्या किंवा बंद राहिल्या, तर तेवढाच संदेश पेशीला सहज चेतवतो.

सलग काही स्पंद झाल्यावर पेशीत कॅल्शियम शिरते. ते पोटॅशियमच्या काही खास वाहिन्या उघडते, आणि पेशीचा विभव काही काळ नेहमीपेक्षाही खाली जातो. या टप्प्याला पश्चात-अतिध्रुवीकरण म्हणतात. त्याचा संथ भाग एखाद-दोन सेकंदांपर्यंतही रेंगाळू शकतो. या काळात पेशीला आवर बसतो, त्यामुळे संदेश येत राहिले तरी स्पंदांची गती मंदावते. हा आवर ढिला झाला, तर पेशी एकाच चेतवण्याला अधिक स्पंदांनी उत्तर देते. शिकण्यामुळे पेशीत काय बदलते, याचा शोध वारंवार याच टप्प्यापाशी येऊन पोचला आहे.

चेतासंधींचा सिद्धांत आणि त्यातली उणीव

चेतापेशी एकमेकींपासून वेगळ्या असतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1894 मध्येच एक कल्पना मांडली होती. शिकताना नव्या पेशी निर्माण होत नसतील, तर जुन्या पेशींमधले जोड वाढत असावेत, अशी ती कल्पना. 1949 मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी तिला नेमके रूप दिले. एक पेशी दुसरीला वारंवार चेतवण्यात भाग घेत असेल, तर त्या दोघींमधला जोड बळकट होतो, हा हेब यांचा नियम. 1973 मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्जे लोमो यांनी सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. ऑस्लोतल्या प्रयोगशाळेत त्यांनी तंतूंच्या एका जुडग्याला झपाट्याने विजेचे झटके दिले, तेव्हा पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढला आणि तो तासन्‌तास वाढलेलाच राहिला. दीर्घकालिक बळकटी या नावाने ही घटना स्मृतीच्या अभ्यासाचा मुख्य आधार बनली.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती. चेतासंधीवरचा प्रतिसाद जितका वाढला होता, त्या मानाने पेशींच्या स्पंदांतली वाढ कधी कधी जास्त होती. म्हणजे केवळ जोड बळकट झाल्याने स्पंद वाढले, असे म्हणून हिशेब पुरा होत नव्हता. संदेश मिळाल्यावर स्पंद देण्याची पेशीची तयारीही वाढली होती. या निरीक्षणाकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही.

शिकल्यानंतर पेशीत होणारा बदल

पेशीतल्या बदलाचा ठोस पुरावा एका साध्या प्राण्यापासून मिळाला. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हर्मिसेंडा नावाची कवच नसलेली छोटी समुद्री गोगलगाय आढळते. ती स्वभावतः उजेडाकडे सरकते. तिच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी अवघ्या पाच असतात, दोन एका प्रकारच्या आणि तीन दुसऱ्या. डॅनियल अल्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोगलगायींना उजेड दाखवतानाच गोल फिरवले. लाटांनी हेलकावे बसावेत, तसा हा अनुभव. असे अनेकदा केल्यावर त्या उजेडाकडे जायला बिचकू लागल्या. त्यांच्या डोळ्यांतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांच्यातले पोटॅशियमचे प्रवाह घटले होते आणि उत्तेजनक्षमता वाढली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशी इतरांपासून तोडून वेगळी केल्यावरही तिच्यातला बदल कायम होता. म्हणजे तो जोडांतून आलेला नव्हता, पेशीच्या पटलातच झाला होता.

सस्तन प्राण्यांवरचे महत्त्वाचे काम जॉन डिस्टरहॉफ्ट यांच्या गटाने सशांवर केले. सशाला एक स्वर ऐकवायचा, अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवायची आणि मग डोळ्यावर हवेचा हलका झोत सोडायचा. काही दिवसांत ससा झोत येण्याआधीच पापणी मिटायला शिकतो. स्वर आणि झोत यांच्यामधली ती शांतता पार करायला हिप्पोकॅम्पस लागतो. शिकलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसचे काप काढून त्यांतल्या पेशी तपासल्यावर पश्चात-अतिध्रुवीकरण कमी झालेले आढळले. स्वर आणि झोत कसेही, एकमेकांशी संबंध न ठेवता दिलेल्या सशांमध्ये हा बदल नव्हता. त्यामुळे तो नुसत्या आवाजाचा किंवा झोताचा परिणाम नसून शिकण्याचाच होता, हे स्पष्ट झाले.

या गटाने 1996 मध्ये त्याचा कालक्रमही मांडला. वाढलेली उत्तेजनक्षमता शिकल्यानंतर तासाभरात दिसू लागली, पुढच्या दिवशीही ठळक होती आणि आठवडाभरात ओसरून गेली. ससे मात्र शिकलेले विसरले नाहीत. यावरून असा अर्थ निघतो की हिप्पोकॅम्पसच्या पेशींची वाढलेली तयारी ही आठवणीची कायमची साठवण नाही. आठवण पक्की होत असतानाच्या काळात पेशींना कामाला सज्ज ठेवणारी ती एक तात्पुरती अवस्था आहे.

इस्रायलमध्ये एडी बार्काई यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून या अवस्थेचा दुसरा उपयोग पुढे आला. दोन वासांपैकी एक निवडला की पाणी मिळते, हा नियम तहानलेल्या उंदरांना उमगायला बरेच दिवस लागतात. एकदा तो उमगला, की वासांच्या नव्या जोड्या ते एक-दोन दिवसांत शिकतात. नियम उमगला त्या सुमारास वासाशी संबंधित मेंदूपृष्ठातल्या पेशींचे पश्चात-अतिध्रुवीकरण घटलेले असते. सराव थांबवला, की काही दिवसांत पेशी मूळ स्थितीला येतात. शिकलेले वास मात्र उंदरांच्या लक्षात राहतात. इथे वाढलेली उत्तेजनक्षमता एखाद्या ठरावीक वासाची आठवण धरून ठेवत नाही, तर नवे शिकण्याची वाट सोपी करते.

आठवण कोणत्या पेशींकडे जाते

जर्मन अभ्यासक रिचर्ड सेमॉन यांनी 1904 मध्ये स्मृतीच्या मेंदूतल्या ठशाला एन्ग्राम हे नाव दिले. अमेरिकेचे कार्ल लॅशली यांनी हा ठसा उंदरांच्या मेंदूत नेमका कुठे असतो ते शोधण्यात अनेक वर्षे घालवली, पण मेंदूपृष्ठात त्यांना तशी एक जागा सापडली नाही. आज एन्ग्राम म्हणजे एका अनुभवाच्या वेळी एकत्र सक्रिय झालेला, शिकल्यामुळे बदललेला आणि आठवताना पुन्हा जागा होणारा विखुरलेल्या पेशींचा गट, असे मानले जाते. एका अनुभवाची माहिती पुष्कळ पेशींपर्यंत पोचते, पण त्यांतल्या थोड्याच अशा गटात येतात. त्या कशा निवडल्या जातात, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर 2007 मध्ये शीना जोसलिन, आल्सिनो सिल्वा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळू लागले. भीतीच्या आठवणींसाठी अमिग्डाला हा मेंदूचा भाग महत्त्वाचा असतो. त्यातल्या, यदृच्छेने निवडल्या गेलेल्या थोड्या पेशींमध्ये विषाणूच्या मदतीने क्रेब नावाच्या प्रथिनाचे प्रमाण वाढवण्यात आले. क्रेब हे जनुकांचे काम चालू करणारे प्रथिन आहे आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीसाठी ते लागते, हे आधीच माहीत होते. मग उंदरांना एक आवाज ऐकवून पायाला सौम्य झटका देण्यात आला. पुढे आवाज ऐकवून भीती आठवायला लावल्यावर कोणत्या पेशी सक्रिय झाल्या हे तपासले, तेव्हा क्रेब वाढवलेल्या पेशी त्यांच्या शेजारणींच्या कितीतरी पट अधिक प्रमाणात गटात आलेल्या दिसल्या. गटाचा एकूण आकार मात्र वाढला नव्हता.

याच संशोधकांनी 2009 मध्ये अशा पेशी नेमक्या टिपून नष्ट केल्या. उंदीर ती भीती विसरले. यदृच्छेने निवडलेल्या तितक्याच दुसऱ्या पेशी नष्ट केल्या, तर आठवण शाबूत राहिली. त्याच वर्षी सिल्वा यांच्या गटाने दाखवले की क्रेब वाढलेल्या पेशी अधिक उत्तेजनक्षम असतात. आता मुद्दा असा होता, की निवड क्रेबमुळे होते की उत्तेजनक्षमतेमुळे? 2014 मध्ये जोसलिन यांच्या गटाने क्रेबला हात न लावता, पोटॅशियम वाहिन्यांत फेरफार करून आणि प्रकाशाने किंवा औषधाने पेशींना चेतवून, शिकण्याच्या अगदी आधी थोड्या पेशींची उत्तेजनक्षमता वाढवली. त्याच पेशींकडे आठवण गेली. म्हणजे निर्णायक गोष्ट उत्तेजनक्षमताच होती.

ही निवड चढाओढीने होते. शर्यतीत काही धावक सुरुवातीच्या रेषेच्या दोन पावले पुढे उभे असावेत, तशा अधिक उत्तेजनक्षम पेशी उंबरठ्याच्या जवळ असतात आणि अनुभवाचा संदेश आला की आधी स्पंद देतात. त्या स्पंद देताच जवळच्या दमनकारी पेशींना जागे करतात, आणि या दमनकारी पेशी मागे राहिलेल्या इतर पेशींना दाबून टाकतात. त्यामुळे गट मर्यादित राहतो. मर्यादित गटाचा फायदा असा, की वेगवेगळ्या आठवणींचे गट एकमेकांत मिसळत नाहीत आणि थोड्या पेशींत पुष्कळ आठवणी मावतात. पेशींची उत्तेजनक्षमता तासातासाला आणि दिवसागणिक बदलत असल्याने, आज पुढे असलेल्या पेशी उद्या मागे असू शकतात. म्हणून सगळा भार त्याच त्या पेशींवर पडत नाही.

जागा ओळखण्याच्या कामातही हेच दिसते. हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी प्राणी एका ठरावीक जागी आला की स्पंद देतात. जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये या स्थानपेशींची नोंद केली. एका परिसरात यांतल्या काही पेशी बोलतात, बाकीच्या गप्प असतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी फिरत्या उंदराच्या मेंदूतल्या अशा एकेका गप्प पेशीला बारीकसा स्थिर विद्युतप्रवाह दिला. ती लगेच स्थानपेशीसारखी एका जागी स्पंद देऊ लागली, आणि प्रवाह काढून घेताच पुन्हा गप्प झाली. जागेची माहिती तिच्यापर्यंत आधीपासून पोचत होती. थोडी तयारी कमी पडत होती, एवढेच.

जवळच्या वेळेच्या आठवणी

शिकल्यानंतर काही तास पेशी अधिक उत्तेजनक्षम राहतात, याचा आणखी एक परिणाम होतो. तेवढ्या वेळात दुसरा अनुभव आला, तर त्याची आठवणही बऱ्याच अंशी त्याच पेशींकडे जाते. दोन आठवणींचे गट एकमेकांवर अंशतः पडतात, आणि त्या आठवणी जोडल्या जातात.

2016 मध्ये सिल्वा यांच्या गटाने हे उंदरांत थेट पाहिले. उंदराच्या डोक्यावर बसवता येणाऱ्या अगदी छोट्या सूक्ष्मदर्शकाने त्यांनी हिप्पोकॅम्पसच्या पेशींचे काम टिपले. उंदरांना आधी एका पिंजऱ्यात, सात दिवसांनी दुसऱ्यात आणि त्यानंतर पाच तासांनी तिसऱ्यात सोडले. तिसऱ्या पिंजऱ्यात त्यांना झटका मिळाला. पुढे उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यातही घाबरून गोठून उभे राहिले, जरी तिथे त्यांना कधीच काही झाले नव्हते. पहिल्या पिंजऱ्यात ते तितके घाबरले नाहीत. पाच तासांच्या अंतराने झालेल्या अनुभवांत सामाईक पेशी जास्त होत्या, सात दिवसांच्या अंतराने झालेल्यांत कमी. त्याच वर्षी जोसलिन यांच्या गटाने अमिग्डालात असेच दाखवले. सहा तासांच्या अंतराने शिकलेल्या दोन भीतींपैकी एक पुसली, तर दुसरीही फिकी झाली. चोवीस तासांच्या अंतराने शिकलेल्या भीती मात्र वेगळ्या राहिल्या.

ही जोडणीची मुदत आपोआप संपत नाही, ती संपवणारी यंत्रणाही असते. 2022 मध्ये सिल्वा यांच्या गटाने सीसीआर-5 नावाच्या ग्राहीचे काम दाखवले. शिकल्यानंतर काही तासांनी पेशींवरची ही ग्राही वाढते आणि उत्तेजनक्षमता खाली आणते. त्यामुळे नंतरचे अनुभव जुन्या गटात शिरत नाहीत. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरताना याच ग्राहीचा आधार घेतो, आणि तिला अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध एचआयव्हीच्या उपचारात वापरले जाते. वय वाढलेल्या उंदरांत आठवणी जोडण्याची क्षमता कमी होते. त्यांना हे औषध दिल्यावर ती सुधारली.

आठवताना काय होते

साठवलेली आठवण परत मिळवण्यातही उत्तेजनक्षमतेचा वाटा असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने 2012 मध्ये हिप्पोकॅम्पसमधल्या एका भीतीच्या आठवणीच्या पेशींना प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन जोडले. पुढे नुसता निळा प्रकाश टाकताच उंदीर अगदी वेगळ्या जागी घाबरून गोठले. एन्ग्रामच्या पेशी जाग्या करणे आठवण जागी करण्यासाठी पुरेसे आहे, हे यातून सिद्ध झाले.

त्याच गटाने 2019 मध्ये या पेशींची आठवतानाची स्थिती तपासली. उंदीर ओळखीच्या जागी आला, की एन्ग्रामच्या पेशींच्या पटलावरच्या एका प्रकारच्या पोटॅशियम वाहिन्या आत ओढल्या जातात. त्यामुळे या पेशींची उत्तेजनक्षमता काही वेळापुरती वाढते. तेवढ्या वेळात अपुऱ्या खुणेवरूनही उंदरांना जागा ओळखता येते, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन जागांमधला फरकही ते चांगला करतात. परिस्थितीची पहिली ओळख पटली, की पुढचे बारकावे आठवायला पेशी सज्ज होतात, असा याचा अर्थ. पेशी साठवणीत असूनही तयारीत नसेल, तर आठवण असूनही ती आठवत नाही.

ही तयारी मेंदूतली रसायनेही बदलतात. नॉरॲड्रेनालिन पश्चात-अतिध्रुवीकरणाचा संथ भाग दाबते, हे डॅनियल मॅडिसन आणि रॉजर निकोल यांनी 1982 मध्ये हिप्पोकॅम्पसच्या पेशींत दाखवले. भीती, आनंद किंवा धक्का यांच्या वेळी मेंदूत नॉरॲड्रेनालिन वाढते. भावनेने भारलेले प्रसंग अधिक ठळकपणे लक्षात राहण्यामागचे हे एक कारण आहे. लक्ष देताना स्रवणारे ॲसिटिलकोलिन पोटॅशियमच्या आणखी एका प्रकारच्या वाहिन्या बंद करते. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध मेंदूतले ॲसिटिलकोलिन टिकवून धरते. त्याचा परिणाम माफक असतो आणि मूळ आजार त्याने थांबत नाही.

मर्यादा आणि तोल

उत्तेजनक्षमतेने स्मृतीचे सगळे काम होऊ शकत नाही. मेंदूपृष्ठातल्या एका पेशीवर हजारो चेतासंधी असतात. पेशीची एकूण तयारी वाढली, तर या सगळ्यांतून येणाऱ्या संदेशांचा परिणाम सरसकट वाढतो. ठरावीक आवाजाची आठवण ठरावीक भीतीशी बांधायची, तर विशिष्ट जोडांत बदल व्हावा लागतो. 2015 मध्ये तोनेगावा यांच्या गटाने नव्या प्रथिनांची निर्मिती रोखून उंदरांत स्मृतिभ्रंश घडवला. नेहमीच्या खुणांनी आठवण परत आली नाही, पण एन्ग्रामच्या पेशींवर प्रकाश टाकताच आली. कोणत्या पेशी कोणाशी जोडलेल्या आहेत, त्या जाळ्यातच आठवणीचा आशय टिकत असावा, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. तेव्हा कामाची वाटणी साधारण अशी दिसते. चेतासंधी आशय धरतात, आणि उत्तेजनक्षमता कोणत्या पेशींनी, कधी आणि कोणाबरोबर भाग घ्यायचा ते ठरवते.

या वाटणीला अपवादही आहेत. पेशीची एखादीच वृक्षिका-शाखा अधिक उत्तेजनक्षम होऊ शकते, म्हणजे तयारीतला बदल पेशीच्या एका भागापुरताही राहतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात 2014 मध्ये फेरेट या प्राण्याच्या अनुमस्तिष्कातल्या पुरकिन्ये पेशींवर प्रयोग झाला. पेशीकडे जाणाऱ्या तंतूंना थेट विजेने चेतवले आणि काहीशे मिलिसेकंदांच्या ठरावीक अंतराने दुसरी चेतवणी दिली. सरावानंतर पेशी नेमक्या त्या वेळी आपले स्पंद थांबवायला शिकली. वेळेचे हे भान पेशीच्या आतच असावे, असे संशोधकांनी मांडले.

दुसरी अडचण तोलाची आहे. बळकट झालेल्या जोडांमुळे पेशी जास्त स्पंद देते, जास्त स्पंदांमुळे जोड आणखी बळकट होतात, आणि हे चक्र आवरले नाही तर मेंदूत विजेचा धुमाकूळ माजेल. त्याला लगाम घालणारे बदलही पेशी स्वतःच करते. 1999 मध्ये जिना टुरिजिआनो यांच्या गटाने फुगू माशात सापडणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने बशीत वाढवलेल्या पेशींचे स्पंद दोन दिवस बंद ठेवले. विष काढल्यावर त्या पेशी पूर्वीपेक्षा अधिक उत्तेजनक्षम आढळल्या. सोडियमचे प्रवाह वाढवून आणि पोटॅशियमचे काही प्रवाह घटवून त्यांनी उणीव भरून काढली होती. उलट, पेशी सतत चेतवत ठेवल्या तर अक्षतंतूच्या सुरुवातीचा, जिथे स्पंद जन्म घेतो तो भाग पेशीच्या मुख्य शरीरापासून दूर सरकतो आणि उत्तेजनक्षमता उतरते, असे 2010 मध्ये दिसून आले. सध्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले ऋषिकेश नारायणन यांनी डॅनियल जॉन्स्टन यांच्यासोबत 2007 मध्ये दाखवले, की उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतासंधी बळकट होतात तेव्हा त्या पेशीच्या वृक्षिकांवर दूरपर्यंत एक विशिष्ट आयनप्रवाहही वाढतो आणि पेशीची उत्तेजनक्षमता कमी करतो. एकाच घटनेत जोड बळकट होतो आणि पेशीला आवरही बसतो.

वय आणि आजार

वय वाढते तसा हा तोल सरकतो. 1984 मध्ये फिलिप लँडफील्ड आणि थॉमस पिटलर यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॅल्शियमवर अवलंबून असलेले पश्चात-अतिध्रुवीकरण लांबलेले दाखवले. म्हणजे म्हातारपणी या पेशींना जास्त आवर बसतो. म्हातारे ससेही पापणी मिटायला उशिरा शिकतात, काही शिकतच नाहीत. मात्र जे म्हातारे ससे शिकतात, त्यांच्या पेशींत हा आवर तरुण सशांइतकाच ढिला झालेला असतो. 1989 मध्ये डिस्टरहॉफ्ट यांच्या गटाने म्हाताऱ्या सशांना निमोडिपिन हे कॅल्शियमच्या वाहिन्या अडवणारे औषध दिले, तेव्हा त्यांचे शिकणे सुधारले.

अल्झायमरमध्ये याच्या उलटही घडते. या आजाराच्या उंदरांतल्या प्रतिकृतींत अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांजवळच्या अनेक पेशी अतिसक्रिय आढळल्या, आणि त्यांच्या मेंदूत बाहेरून न दिसणारे झटकेही नोंदले गेले. माणसांतही, विस्मरणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात हिप्पोकॅम्पसचा एक भाग गरजेपेक्षा जास्त सक्रिय असू शकतो. 2012 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा व्यक्तींना लेव्हेटिरासिटाम हे अपस्माराचे औषध अगदी कमी मात्रेत दिले. ही अतिसक्रियता घटली आणि स्मृतीच्या चाचणीतली कामगिरी सुधारली. सगळ्या पेशी चेतलेल्या असतील तर गट निवडणारी चढाओढच मोडते, आणि एक आठवण दुसरीपासून वेगळी ठेवता येत नाही.

म्हणून स्मृती सुधारण्यासाठी पेशींची उत्तेजनक्षमता नुसती वाढवून भागत नाही. निरोगी म्हातारपणी ती काही पेशींत कमी पडते, तर अल्झायमरच्या सुरुवातीला काही पेशींत अती होते. दोन्ही स्थितींत आठवण बिघडते आणि उपाय मात्र उलट दिशेचे लागतात. शिकताना थोड्याच पेशी पुढे असणे, काही तासांनी त्यांची तयारी ओसरणे आणि आठवताना ती पुन्हा थोड्या वेळापुरती वाढणे, या तिन्ही गोष्टी जमून आल्या तरच चेतासंधींनी धरलेला आशय उपयोगी पडतो. यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या आजारात बिघडते हे पेशीच्या पातळीवर ओळखणे आणि औषध तेवढ्याच पेशींपुरते मर्यादित ठेवणे, हे या संशोधनापुढचे मुख्य काम आहे.